फोनवरच बनवा हलणारा आलेख: विहिरीचं सहा महिन्यांचं पाणी दहा सेकंदांत

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी काकांना व्हॉट्सॲपवर दहा सेकंदांचा एक व्हिडिओ पाठवला. आमच्या सामायिक विहिरीतलं पाणी ऑक्टोबरपासून कसं खाली गेलं, ते दाखवणारा हलता आलेख होता तो. पाच मिनिटांत काकांचा फोन आला. "अरे, पाणी त चढू राहिलं! मी रोपवाटिकेत दोन एकर मिरचीची रोपं सांगून टाकली."

पाणी चढत नव्हतं. सहा महिन्यांत ते २७ फूट खाली गेलं होतं. आकडे बरोबर होते, सॉफ्टवेअरही बरोबर होतं. चूक माझ्या आलेखात होती, आणि ती फक्त एका ओळीची होती.

ती ओळ कोणती ते पुढे सांगतोच. पण आधी असा आलेख फोनवर बनवायचा कसा ते बघू. लॅपटॉप लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि एकदा सगळं डाउनलोड झालं की नेटही लागत नाही.

आकडे कुठले आणि कशासाठी?

आमचं गाव धावडा. जालना जिल्हा, भोकरदन तालुका, अजिंठ्याच्या डोंगराच्या बाजूचं. इथे उन्हाळी मिरची एप्रिल-मेमध्ये लावतात. पाऊस येईपर्यंत ती जगवायची विहिरीच्या पाण्यावर, ठिबकने. म्हणून दर एप्रिलला घरात एकच प्रश्न असतो: किती एकर लावायची? जास्त लावली आणि मेमध्ये विहीर आटली तर रोपं, मल्चिंग, मजुरी सगळं गेलं. गेल्या वर्षी आमचं तसंच झालं. मेच्या शेवटी टँकर विकत आणला, तरी अर्धी मिरची हातची गेली.

विहीर आमच्या आणि काकांच्या वाट्याची. काका वाळूजला कामाला असतात, खर्च निम्मा घालतात, पण विहीर त्यांना रोज दिसत नाही. त्यामुळे दोन वर्षांपासून मी दर रविवारी पाण्याची पातळी मोजतो. दोरीला दगड बांधायचा, दर फुटावर गाठ मारायची, दगड पाण्याला टेकला की गाठी मोजायच्या. एकच पथ्य आहे. मोटार सुरू व्हायच्या आधी, सकाळीच मोजायचं. मोटार चालू असताना किंवा नुकती बंद झाल्यावर मोजलं, तर उपशामुळे पाणी खाली गेलेलं असतं आणि आकडा चुकीचा येतो.

हे काही माझं डोकं नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. हिवरे बाजारला तर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाच्या पाण्याचा दरवर्षी ताळेबंद मांडतात आणि कोणतं पीक घ्यायचं ते त्यावरून ठरवतात. मी फक्त एका विहिरीचा हिशोब ठेवतो, दर आठवड्याला.

साधा आलेख असताना हलणारा कशाला?

रास्त प्रश्न आहे. पाच-सहाच आकडे असतील तर कागदावरची यादी पुरते. हलणारा आलेख तेव्हाच करायचा, जेव्हा *वेग* दाखवायचा असतो.

आपल्याकडचा खडक काळा बेसाल्ट. वरच्या मुरमात आणि फुटलेल्या थरात पाणी बऱ्यापैकी साठतं, खाली पक्का कातळ लागला की ते नुसत्या भेगांमध्ये असतं. म्हणून उपसा तेवढाच असला, तरी पाणी खाली गेल्यावर पातळी जास्त झपाट्याने उतरते. आमच्या विहिरीत पहिल्या १८ आठवड्यांत पाणी ९ फुटांवरून २२ फुटांवर गेलं, म्हणजे आठवड्याला पाऊण फूट. शेवटच्या चार आठवड्यांत २८ वरून ३६ वर, म्हणजे आठवड्याला दोन फूट. स्थिर आलेखात ही नुसती वाकलेली रेघ दिसते. तीच हलताना बघितली, की शेवटी ती अक्षरशः घसरताना दिसते. शाळेत आलेख न शिकलेल्या माणसालाही ते कळतं.

जगात हेच मोठ्या प्रमाणावर केलं गेलंय. स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांनी २००६ च्या टेड भाषणात देशोदेशींचं आयुर्मान आणि कुटुंबातल्या मुलांची संख्या हलत्या फुग्यांनी दाखवली, आणि रुक्ष आकडेवारी लोक डोळे लावून बघू लागले. २०१६ मध्ये ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी पृथ्वीचं वाढतं तापमान गोल गोल फिरत बाहेर जाणाऱ्या रेषेने दाखवलं. तो आलेख त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यातही झळकला.

लागणारं सामान

दोन गोष्टी पुरेत.

१. टर्मक्स. हे ॲप अँड्रॉइड फोनवर लिनक्ससारखी आज्ञा लिहायची खिडकी उघडून देतं. ते एफ-ड्रॉइडवरून घ्या.

२. न्यूप्लॉट. आज्ञा लिहून आलेख काढायचं जुनं आणि फुकट सॉफ्टवेअर. थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी ते १९८६ मध्ये सुरू केलं, आणि अजून त्याच्या नव्या आवृत्त्या येतात. नावाची सुरुवात जी, एन, यू अशी असली, तरी जीएनयू प्रकल्पाशी त्याचा संबंध नाही. उच्चार 'न्यूप्लॉट', टाईप करताना मात्र पुढे 'जी' लावायचा.

एक सूचना आधीच देतो. खालच्या आज्ञा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. फोनवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाईप करा. कंस, अवतरणचिन्हं आणि विसर्ग-चिन्ह (दोन टिंबं) जशीच्या तशी ठेवा.

टर्मक्स उघडून एकेक ओळ टाईप करा, प्रत्येक ओळीनंतर एंटर:

पीकेजी अपडेट
पीकेजी इन्स्टॉल न्यूप्लॉट एफएफएमपेग नॅनो
टर्मक्स-सेटअप-स्टोरेज

मधल्या ओळीतलं एफएफएमपेग व्हिडिओ बनवायला लागेल आणि नॅनो हे लिहायचं साधं पान आहे. तिसऱ्या ओळीनंतर फोन परवानगी मागेल, ती द्या. नाही तर तयार झालेली फाइल गॅलरीत नेता येणार नाही.

पायरी पहिली: आकड्यांची फाइल

'नॅनो विहीर.टीएक्सटी' असं टाईप केलं की कोरं पान उघडतं. त्यात दर ओळीला दोन आकडे, मध्ये एक मोकळी जागा. पहिला आकडा आठवड्याचा, दुसरा जमिनीपासून पाणी किती फूट खाली आहे त्याचा.

१ ९
२ ९.५
३ १०

अशा माझ्याकडे २६ ओळी होत्या. शेवटची ओळ '२६ ३६'. लिहून झालं की स्क्रीनच्या खाली दिसणारं कंट्रोल बटण आणि ओ दाबा, एंटर करा, मग कंट्रोल आणि एक्स.

एखाद्या रविवारी मोजायचं राहून गेलं असेल तर ती ओळ गाळू नका, आणि अंदाजाने आकडाही भरू नका. आठवड्याचा आकडा लिहा आणि फुटांच्या जागी 'एनएएन' लिहा (पहिला आणि शेवटचा एन मोठा, मधला ए लहान). न्यूप्लॉट तिथे रेघ तोडतं. बघणाऱ्याला कळतं की इथे मोजणी झालेली नाही. ओळ गाळली, तर रेघ सरळ जोडली जाते आणि व्हिडिओ एका झटक्यात दोन आठवडे पुढे उडी मारतो.

पायरी दुसरी: आज्ञांची फाइल

आता 'नॅनो विहीर.जीपी' उघडा आणि हे लिहा:

सेट टर्मिनल गिफ ॲनिमेट डिले ३० लूप ० साईझ ६००,४००
सेट आउटपुट "विहीर.गिफ"
सेट एक्सरेंज [०:३०]
सेट वायरेंज [५०:०]
डू फॉर [आय=०:३५] {
प्लॉट "विहीर.टीएक्सटी" एव्हरी ::०::आय युझिंग १:२ विथ लाइन्सपॉइंट्स
}
अनसेट आउटपुट

आठ ओळी आहेत. त्यांचा अर्थ समजून घेऊ, म्हणजे उद्या तुमचे आकडे घालता येतील.

पहिली ओळ सांगते की गिफ बनव, आणि ती हलणारी बनव. गिफ म्हणजे एकामागून एक चित्रांची चळत. 'डिले ३०' म्हणजे प्रत्येक चित्र ३० शतांश सेकंद थांबेल, म्हणजे ०.३ सेकंद. 'लूप ०' म्हणजे संपलं की पुन्हा पहिल्यापासून, न थांबता.

तिसऱ्या ओळीत आडव्या अक्षाची हद्द: शून्यापासून ३० आठवडे.

पाचव्या ओळीपासून खरी गंमत. 'डू फॉर' म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा कर, दर वेळी 'आय' एकाने वाढव. आत 'एव्हरी ::०::आय' म्हणजे पहिल्या ओळीपासून आय क्रमांकाच्या ओळीपर्यंतच काढ. न्यूप्लॉट ओळी शून्यापासून मोजतं, त्यामुळे पहिल्या चित्रात एक ठिपका, दुसऱ्यात दोन, असं करत रेघ लांबत जाते.

माझ्याकडे ओळी २६ आणि चित्रं मात्र ३६, असं का? शेवटची दहा चित्रं सारखीच येतात, कारण काढायला नवीन ओळ उरत नाही. त्यामुळे पूर्ण झालेली रेघ तीन सेकंद पडद्यावर थांबते. नाही तर शेवट दिसतोय तोवर व्हिडिओ पुन्हा सुरू होतो आणि बघणारा म्हणतो, थांब थांब, परत दाखव.

आता टर्मक्समध्ये 'न्यूप्लॉट विहीर.जीपी' चालवा. एक-दोन सेकंदांत विहीर.गिफ तयार.

माझी चूक: चौथी ओळ

काकांना पाठवलेल्या पहिल्या व्हिडिओत चौथी ओळ, 'सेट वायरेंज', नव्हतीच. त्यामुळे एकदम दोन घोळ झाले.

पहिला घोळ दिशेचा. मी मोजत होतो *खोली*. पाणी जितकं खाली, आकडा तितका मोठा. न्यूप्लॉट मोठा आकडा वर काढतं, सगळेच आलेख तसं करतात. म्हणजे पाणी २७ फूट उतरलं आणि माझी रेघ डौलात वर चढत गेली. काकांनी आकडे वाचलेच नाहीत, रेघ बघितली. त्यांची काय चूक? विहिरीचा आलेख म्हटल्यावर रेघ वर म्हणजे पाणी वर, असंच कुणीही समजेल.

'[५०:०]' असं उलटं लिहिलं की अक्ष उलटा होतो. शून्य, म्हणजे जमीन, वर. आणि ५० फूट, म्हणजे आमच्या विहिरीचा तळ, खाली. आता रेघ विहिरीत उतरते, पाण्यासारखीच.

दुसरा घोळ हद्दीचा. हद्द सांगितली नाही, तर न्यूप्लॉट प्रत्येक चित्रासाठी अक्ष नव्याने ठरवतं, म्हणजे जेवढे आकडे आहेत तेवढ्यांत रेघ ताणून बसवतं. एकाच चित्रासाठी ही सोय आहे. हलत्या आलेखात मात्र तीच फसवते. नोव्हेंबरात फूटभर उतरलेलं पाणी आणि मार्चमध्ये आठ फूट उतरलेलं पाणी, दोन्ही सारखंच मोठं दिसतं, कारण मोजपट्टीच दर ०.३ सेकंदाला बदलत असते. ज्या वेगासाठी व्हिडिओ बनवला तो वेगच पुसला जातो. शून्य ते ५० हद्द पक्की केल्यावर मोजपट्टी जागेवर राहते आणि फक्त पाणी हलतं.

आणखी एक फायदा अनपेक्षित होता. हद्दीचं दुसरं टोक मी विहिरीचा तळ ठेवलं, त्यामुळे रेघेच्या खाली उरलेली जागा म्हणजे उरलेलं पाणी. ते मोजताही येतं. आमची विहीर २० फूट व्यासाची, गोल. एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. ३६ फुटांवर पाणी आणि तळ ५० फुटांवर, म्हणजे १४ फूट उरलं, सुमारे सव्वा लाख लिटर. झऱ्यांतून येईल ते वेगळं, पण उन्हाळ्यात झऱ्यांच्या भरवशावर कोण राहतं?

गेल्या वर्षाशी तुलना

दुरुस्त व्हिडिओत मी गेल्या वर्षीची रेघही घातली. 'प्लॉट'च्या ओळीत स्वल्पविराम देऊन दुसऱ्या फाइलचं नाव तशाच पद्धतीने लिहायचं, फक्त 'एव्हरी'चा भाग गाळायचा. तो गाळला की गेल्या वर्षीची रेघ पहिल्या चित्रापासून पूर्ण दिसते आणि यंदाची तिच्या शेजारून चालत जाते. ओळीच्या शेवटी 'लाइनकलर आरजीबी "ग्रे"' लिहिलं की जुनी रेघ करडी होते.

यात जे दिसलं ते आकड्यांच्या वहीत मला दिसलं नव्हतं. विसाव्या आठवड्यापर्यंत दोन्ही रेघा जवळजवळ एकत्र चालतात. मग यंदाची खाली सुटते. गेल्या वर्षी २६ व्या आठवड्याला पाणी ३१ फुटांवर होतं, यंदा ३६ वर. आणि गेल्या वर्षी त्या ३१ फुटांवर दोन एकर लावूनच आम्ही मेमध्ये टँकर आणला होता.

व्हॉट्सॲपवर पाठवण्यासाठी

गिफपेक्षा एमपीफोर व्हिडिओ पाठवणं सोपं. टर्मक्समध्ये:

एफएफएमपेग -आय विहीर.गिफ -पिक्स_एफएमटी वाययूव्ही४२०पी विहीर.एमपीफोर
सीपी विहीर.एमपीफोर स्टोरेज/डाउनलोड्स

वाययूव्ही४२०पी हा रंग साठवायचा प्रकार आहे. तो सांगितला नाही, तर काही फोनवर व्हिडिओ चालतच नाही. त्याला चित्राची लांबी-रुंदी सम आकड्यात लागते, म्हणून आपण ६००,४०० ठेवली.

मराठी मथळा घालायचा असेल, तर अडचण येते. माझ्या फोनवर गिफमध्ये 'विहिरीची' या शब्दाच्या वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसल्या आणि जोडाक्षरं सुटी झाली. गिफऐवजी 'पीएनजीकैरो' टर्मिनल घेतलं की अक्षरं नीट जुळतात. मात्र त्यात हलणारी फाइल होत नाही. प्रत्येक चित्र वेगळं साठवून नंतर एफएफएमपेगने जोडावं लागतं. सुरुवातीला मथळा न घालता काम करा. मजकूर व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये लिहिता येतोच.

पाठवण्याआधी एक चाचणी

दुसरा व्हिडिओ काकांना पाठवण्याआधी मी तो आईला दाखवला. काहीही सांगितलं नाही, फक्त विचारलं, "यात काय होऊ राहिलं?" ती म्हणाली, "पाणी चाललं खाली. शेवटी तर लईच पटपट." मग पाठवला.

काकांनी तो दोनदा बघितला असावा, कारण फोन यायला वेळ लागला. रोपवाटिकेला त्यांनीच परत फोन केला आणि दोनाचं एक एकर करून घेतलं. रोपं अजून भरलेली नव्हती म्हणून जमलं. दुसऱ्या एकराचं पाऊस पडल्यावर बघू असं ठरलं. एक एकर तरी तगेल का, हे हा आलेख सांगत नाही. तो ऑक्टोबर ते एप्रिल काय झालं एवढंच सांगतो. मेमध्ये किती ऊन पडेल आणि जूनमध्ये पाऊस कधी येईल, ते त्यात नाही.

तुम्हीही करून बघा. विहीर नसेल तर घराचं महिन्याचं वीजबिल घ्या, मोंढ्यातला आठवड्याचा भाव घ्या, नाही तर स्वतःच्या धावण्याची वेळ घ्या. हद्द पक्की ठेवा आणि दिशा तपासा. मग ज्याला त्यातलं काही माहीत नाही अशा माणसाला न बोलता दाखवा. त्याने उलटं सांगितलं तर त्याला समजावत बसू नका. आलेख दुरुस्त करा.